दिवसा दार लावणारा वकील

भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला राग येतो. करली हातात घेऊन, कल्ले उघडून, नाक मुरडून "एवढीशी करली आणि एवढा भाव?" म्हणणारी बाई मला कळते. तिच्याशी मी घसा बसेपर्यंत भांडते, तिच्या माहेराचा उद्धार करते आणि जाताना मूठभर मांदेली जास्त टाकते. पण जो माणूस सांगितले तेवढे पैसे मुकाट काढून देतो, तो माझा अपमान करतो. आपण बोललो त्याची त्यानं दखलच घेतली नाही, असं वाटतं.

वकील तसा होता. त्याच्याबद्दल लिहिताना 'ते वकीलसाहेब' असं लिहायला हवं, वयानं आणि शिक्षणानं तो मोठा. तोंडावर मी तसंच म्हणायची. पण माझा त्याच्यावर पस्तीस वर्षांचा राग आहे, म्हणून इथे 'तो'.

मी तेव्हा कफ परेडच्या मच्छीमार नगरातून यायची. पहाटे धक्क्यावर लिलावात माल घ्यायचा, चार जणींनी मिळून टेम्पो करायचा आणि परळला उतरायचं. मिलच्या मागची ती चाळ माझी. माझी म्हणजे दुसऱ्या कोळणीनं तिथे पाय ठेवायचा नाही, अशा अर्थानं माझी. तीन मजले, लांबलचक गॅलऱ्या आणि एका रांगेत सगळी उघडी दारं. दारं सकाळी उघडायची ती रात्री झोपताना लागायची. दिवसा दार लागलं म्हणजे आत एक तर मयत असायचं, नाहीतर नवं लग्न. तिसरं कारण चाळीला माहीत नव्हतं.

वकिलाचं दार बाराही महिने लागलेलं. आत मयत नव्हतं आणि लग्न तर त्यानं केलंच नव्हतं.

"आत करतो तरी काय?" हा चाळीचा आवडता विषय. कुणी म्हणे नोटा छापतो. कुणी म्हणे नुसता निजतो. एका म्हातारीनं त्याच्या दाराला कान लावून ऐकलं आणि तो आत स्वतःशीच वाद घालतो, आणि हरतो, असं सांगितलं. दाराची कडी काढून तो बाहेर आला आणि म्हातारीला म्हणाला, "आजी, काय ऐकू आलं ते मलाही सांगा. माझ्या लक्षात राहत नाही." म्हातारी पुढे वर्षभर त्याला शिव्या देत होती.

तो भाड्याच्या खोल्यांचे दावे चालवायचा. कोर्टात जाताना काळा कोट पिशवीत घालून न्यायचा. आपला धंदा काय हे बसमधल्या लोकांना कळायचं काही कारण नाही, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "अहो, माझ्या डोक्यावर टोपली असते, ती मी पिशवीत घालू काय?" त्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "घालू नका. पण घालायची इच्छा झाली तर कुणी अडवू नये."

भाजी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा, आणि वर्तमानपत्र कुठलं वाचतो हे कळू नये म्हणून त्यावर आणखी एक फडकं. कपडे आतल्या आत वाळत घालायचा, त्यामुळे त्याच्या अंगाला कायम ओलसर वास यायचा. पोस्टकार्ड त्यानं जन्मात लिहिलं नाही. मासळी घ्यायला यायचा तो झाकण लावलेलं पातेलं घेऊन, आणि खांद्यावरचा पंचा माझ्या टोपलीवर पसरून त्याच्याखाली बोटं दाखवायचा. गुरांच्या बाजारात दलाल करतात तसं. दोन बोटं म्हणजे दोन बांगडे. भाव विचारायचा नाही, कारण भाव बोलला की बाजूच्या खोलीला त्याची ऐपत कळणार. पण तळायला टाकले की वास तिन्ही मजल्यांवर, आणि पातेलं घासायला निघालं की चाळीची मांजरं त्याच्या मागोमाग मोरीपर्यंत. कुणाला काय कळायचं राहिलं होतं?

मला 'अहो बाई' म्हणणारा मात्र तो एकटाच. बाकी चाळ 'गो कोळणी' नाहीतर 'ए मावशी'.

एकदा मी चिडून विचारलं, "वकीलसाहेब, ही लपवालपवी कशाला? चोरी केलीय काय?"

"बाई, तोच तर मुद्दा आहे. चोरी केलेली नाही, तरीही दार लावायचा मला हक्क आहे. चोरानं दार लावण्यात काय विशेष?"

"मग कायद्यात तसं लिहिलंय?"

तेव्हा त्यानं मला उंबऱ्यावर बसवून सगळं सांगितलं. घटना झाली आणि थोड्याच वर्षांत हा प्रश्न वरच्या कोर्टात गेला. आठ न्यायमूर्ती बसले आणि म्हणाले, असला काही हक्क आम्हाला घटनेत दिसत नाही. पुढे एका माणसानं तक्रार केली की पोलीस माझ्या घरावर पाळत ठेवतात, रात्री येऊन दार ठोठावतात. तेव्हा सहा जण बसले. म्हणाले, हक्क वगैरे नाही, पण रात्रीचं दार ठोठावणं बंद करा. लांबून पाळत ठेवली तर चालेल. त्यानंतर तिघे बसले. ते म्हणाले, असा हक्क असेलही, आपण आहे असं धरून चालू, पण फार ताणू नका.

मी ऐकत होते. मला हे सगळं ओळखीचं वाटत होतं. "म्हणजे हा भावच चाललाय की!" मी म्हटलं. "आधी म्हणायचं, माल विकायचाच नाही. मग म्हणायचं, शेपटाकडचा तुकडा घे. मग म्हणायचं, बघू, उद्या ये."

वकील माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "बाई, हे मला कुणी कॉलेजात असं शिकवलं नाही." आणि त्या दिवशीही त्यानं बांगड्याचा भाव केला नाही तो नाहीच.

मग संप झाला.

सुरुवातीला चाळीत सणासारखं वातावरण होतं. पुरुष दिवसा घरी, गॅलरीत पत्ते, खाली सभा. मिलचा भोंगा बंद झाला म्हणून लोकांना सकाळी जाग येईना. समोरच्या चहाच्या टपरीवर साध्या कपड्यातला एक हवालदार येऊन बसू लागला. चाळीत कोण पुढारी येतात-जातात ते बघायला. तो नायगावच्या पोलीस लाइनीतला, माझं गिऱ्हाईक, त्यामुळे त्याचे साधे कपडे फक्त सरकारला साधे वाटत होते. वकील खाली उतरला आणि त्याच्यासमोर चहा ठेवून म्हणाला, "बसा. दिवसा लांबून बघायला सहा न्यायमूर्तींची परवानगी आहे. रात्री दार मात्र वाजवायचं नाही."

हवालदार म्हणाला, "साहेब, मला रात्री ड्युटीच नाही."

"मग तुम्ही पूर्णपणे घटनात्मक आहात," असं म्हणून वकील वर गेला. हवालदारानं ती शिवी समजून चहा परत केला.

महिने गेले तसे पत्ते बंद पडले. भांडी जाऊ लागली, मग मंगळसूत्रं. माझी टोपली चाळीत भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की जेवायच्या वेळेला दारं लागताहेत. आधी एक, मग तिसऱ्या मजल्यावरची चार, मग जवळजवळ सगळी. आत मयत नव्हतं, लग्न नव्हतं. पानात काय वाढलंय ते शेजाऱ्याला दिसू नये म्हणून दार लावलेलं. काही घरांत तर चुलीवर नुसतं पाणी उकळत ठेवायचे, म्हणजे भांड्याचा आवाज तरी बाहेर जावा.

मी वकिलाला म्हटलं, "घ्या. जिंकलात. सगळी चाळ तुमच्यासारखी झाली."

त्यानं बंद दारांच्या रांगेकडे बघितलं. "मी हे मागितलं नव्हतं हो बाई," एवढंच म्हणाला. त्या दिवशी दोन बोटांऐवजी एकच बोट दाखवलं.

आता माझ्या रागाचं कारण.

वकिलाच्याच, दुसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत सुशीला राहायची. मालवणकडची, नवरा मिलमध्ये साच्यावर कापड विणायला, दोन मुलं. सातवी शिकलेली. माझी फेरी संपली की मी तिच्या खोलीत पाणी प्यायला बसायची, आणि ती दार अर्धं लोटून मला अक्षरं शिकवायची. हे कुणालाच माहीत नव्हतं. हिशेब माझा तोंडी पक्का होता, पण मला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ते मी सगळ्यांपासून लपवलं होतं. लिलावात उभ्या असलेल्या बाईला अक्षर येत नाही हे कळलं की दलाल तिला कापूनच खातात. तेव्हा मी धक्क्यावर, आणि चाळीसमोरच्या टपरीवरही, उगीच वर्तमानपत्र हातात धरून उभी राहायची. एकदा उलटं धरलं होतं, ते हवालदारानं बघितलं आणि सुलटं करून दिलं.

शिकवण्याबद्दल मी सुशीलेला उरलेली मासळी द्यायची. ती 'नको गो' म्हणायची, मी म्हणायची फुकट मी काही घेत नाही. संपाच्या दिवसांत तिनं 'नको' म्हणायचं सोडलं. तिच्या घरात आठवड्यातून दोनदा मासळी शिजायची.

आणि मासळीला दार लावता येत नाही.

कुजबुज सुरू झाली. संपात, मिल बंद असताना, मासळी येते कुठून? तिचा नवरा पहाटे बाहेर पडतो तो जातो कुठे? मागच्या फाटकानं कामावर जातो, दुसरं काय! तो खरा जायचा गोदीवर, मिळेल ती हमाली करायला, आणि साच्यावरचा कारागीर असून पाठीवर गोणी उचलतो हे सांगायची त्याला लाज वाटायची. गिरणगावात तेव्हा चोर म्हटलेलं चालेल, पण संपफोड्या म्हटलेलं नाही, अशी अवस्था होती.

संप कमिटीचे एक भाऊ चाळीतच राहायचे. कमिटीचं धान्य चाळीत तेच वाटायचे. त्यांनी एका दुपारी खाली, गणपतीचा मंडप घालतात तिथे, चाळीला बोलावलं. सुशीला मुलांना घेऊन एका बाजूला उभी. नवरा खाली मान घालून. भाऊ खुर्चीवर.

"वैनी, मासळी खंयसून येता ती सांगा. बास. दुसरा काय नको," भाऊ म्हणाले.

 सुशीलेनं फक्त गर्दीत टोपली घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. सांगितलं तर माझं गुपित फुटणार, हे तिला कळत होतं. मी टोपली खाली ठेवली. माझं ठरलं होतं. चार दलाल मला लुबाडतील तर लुबाडू देत. मी पुढे झाले.

भाऊ म्हणाले, "आली बघा कोळीण. तूच विकतेस ना? सांग, हिच्याकडे पैसे कुठून येतात?"

मी तोंड उघडलं.

"थांबा!"

जिन्यावर वकील उभा. अंगात काळा कोट. तो कोट मी त्याच्या अंगात पहिल्यांदा बघितला, आणि तो त्याला आखूड होता.

"साक्षीदारानं या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही," तो म्हणाला. "कुणाच्या तव्यावर काय आहे हा चाळीचा प्रश्न नाही."

"वकीलसाहेब, हे कोर्ट न्हय," भाऊ म्हणाले.

"म्हणूनच मला यावं लागलं."

कुणीतरी मागून ओरडलं, "असला हक्क कायद्यात लिहिलेला आहे काय?"

"लिहिलेला नाही. लिहिलेला असता तर मी खोलीत झोपलो असतो."

"आणि असला तरी तो सरकारविरुद्ध असतो," भाऊ जरा हसून म्हणाले. ते युनियनच्या अभ्यासवर्गांना बसलेले होते. "कमिटी काय सरकार आसा?"

"जो धान्य वाटतो, तो सरकार."

लोक हसले. भाऊ नाही हसले. मी म्हटलं, "वकीलसाहेब, बाजूला व्हा. मला बोलायचंय."

"बाई, तुम्हाला कळत नाहीये. आज तुम्ही हिचं सांगाल. उद्या हे विचारतील, तिसऱ्या मजल्यावर कोण घेतो? परवा विचारतील, कोण घेत नाही? तुमच्या टोपलीत या सगळ्या चाळीच्या चुली आहेत. तुम्ही तोंड उघडलंत की सगळ्यांची दारं उघडली."

"अहो, पण मला हिचं एकटीचंच—"

"एकटीचं असं काही नसतं, बाई!"

मी त्याला ढकललं. खरंच ढकललं, कोटाला खवले लागले. आणि ओरडून सगळं सांगितलं. मला वाचता येत नाही, ही मला शिकवते, मासळी ही तिची फी. माझ्या आयुष्यात मी इतकं खरं कधी बोलले नव्हते. पण वकील मला गप्प करायला धावलाय हे सगळ्यांनी बघितलं होतं. त्या गलक्यात कुणी अर्धं ऐकलं, कुणी काहीच नाही. भाऊंनी हात वर केला आणि म्हणाले, "बस झाला. कोळणीक वकिलान पढवल्यान. दर दिवशी टपरीवर पेपर वाचता ती, म्हणे वाचूक येत नाय!"

वकिलानं तर कानांवर हात ठेवले होते. साक्षीदार हक्क सोडून बोलतोय, ते ऐकणं बरोबर नाही, म्हणून.

सुशीलेचं धान्य बंद झालं. नळावर तिच्यासाठी कुणी जागा सोडेना. मुलांना कुणी खेळायला घेईना. गणपतीच्या आधी ती मंडळी गावी गेली, ती परत आली नाहीत. आणि 'पढवलेली कोळीण' म्हणून चाळीनं मला बंद केलं. गिऱ्हाईक बांधून मी माझी केलेली चाळ, एका दुपारात गेली. दुसऱ्या कोळणीनं महिन्याभरात तिथे टोपली उतरवली.

मी दादरच्या बाजारात जागा मिळवली, भांडून. तिथून दुकान, मग हॉटेलांचा माल, मग दोन टेम्पो. वाचायला मी हट्टानं शिकले, पाट्या वाचत वाचत. जागेच्या करारावर मी अंगठा नाही, सही केली. एकदा वकील दुकानावर आला. बांगड्यांकडे बघत म्हणाला, "एका अर्थानं तुमच्या भरभराटीला मीही थोडा—" मी सुरी खाली ठेवली नाही. तो वाक्य पूर्ण न करता गेला.

तरी संबंध सुटला नाही. मला त्याच्याकडून एक शब्द वसूल करायचा होता, तो घेतल्याशिवाय मी त्याला कसा सोडणार? वरच्या कोर्टात लागलेले निकाल तो मला अधूनमधून सांगायचा. माझ्या दुकानात फोन बसला त्याच सुमाराला वरच्या कोर्टानं म्हटलं होतं की माणसाचं फोनवरचं बोलणं हेही त्याचं खासगी, सरकारनं उगाच ऐकायचं नाही. वकिलानं ते फोन करून कळवलं. "बाई, आता मोकळेपणानं बोलायला हरकत नाही," म्हणाला, आणि लगेच आवाज खाली घेऊन, "ते दोन पाठवा. नेहमीचे. नाव घेऊ नका."

सुशीलेकडे मी खूप वर्षांनी गेले. मालवणला सुकी मासळी बघायला गेले होते, तिथून पुढे. नवरा गेला होता. तिनं मला जेवायला वाढलं, दार सताड उघडं. मी पुन्हा तोच विषय काढला, वकिलाला शिव्या घातल्या. ती म्हणाली, "तो वाईट नाय गो. पण एक आसा. आमचो हक्क, आमची मासळी, आमचा धान्य. सगळ्यांनी आमच्यासाठी भांडान घेतल्यानी. माका कोणी इचारल्यानच नाय, सुशीले, तुका काय होया ता."

हे मी मनात ठेवून दिलं. योग्य गिऱ्हाईक येईपर्यंत माल बर्फात ठेवतात तसं.

मिल गेली, चाळ पडली, तिथे टॉवर आला. मूळच्या भाडेकरूंना मागची वेगळी इमारत, वकिलाला बाराव्या मजल्यावर एक बेडरूमची जागा. बाकीचे बहुतेक जागा विकून लांब उपनगरात गेले. तो ऐंशीच्या घरात आला होता. आणि मग एके दिवशी दुपारी फोन.

"बाई! नऊ बसले. नऊच्या नऊ!"

"कोण मेलं?"

"कुणी नाही! हक्क आहे म्हणाले. घटनेतच आहे. पहिल्यापासून होता. आधीच्या आठांचं चुकलं, सहांचं त्या मुद्द्यावर चुकलं, असं स्पष्ट म्हटलंय!" मग जरा थांबून म्हणाला, "मी इथे कुणाला सांगणार? या म्हणजे झालं."

मी सुरमई घेतली आणि गेले. आधी फाटकावर रखवालदारानं थांबवलं. "मैडम, नाम? नंबर? किसके पास जाना है? काम क्या है?"

"भांडायला जायचंय."

त्यानं ते मोबाइलमध्ये लिहिलं की नाही कोण जाणे. "इधर देखो," म्हणून माझा फोटो काढला. मग माझ्या फोनवर एक आकडा आला, तो त्याला सांगितला. लिफ्टमध्ये कॅमेरा. बाराव्या मजल्यावर कॅमेरा. खासगीपणाचा हक्क मिळालेल्या माणसाला भेटायला जाईपर्यंत माझं खासगी काही उरलं नव्हतं.

मजल्यावर सहा दारं. सगळी बंद, जाड, डोळा बसवलेली. फक्त एक दार सताड उघडं, आत खुर्चीवर वकील.

मी दारातच थांबले. "हे काय? आता दार उघडं?"

"वाऱ्यासाठी."

"बाराव्या मजल्यावर खिडकीतनं वारा येत नाही?"

"शेजारी कोण राहतं मला माहीत नाही हो," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. मी आत पडलो तर कळणार कुणाला? सोसायटीनं दोन नोटिसा काढल्या, दार उघडं ठेवल्यानं कॉरिडॉरची शोभा जाते म्हणून. मी उत्तर दिलं, दार लावण्याच्या हक्कात न लावण्याचा हक्क येतो." आणि निकालाचे कागद मांडीवर घेऊन लहान मुलासारखा हसला.

त्याला स्वयंपाकाचं झेपत नव्हतं, म्हणून मी ओट्याशी उभी राहून सुरमईला मीठमसाला लावला आणि तवा ठेवला. तो दारातून बघत होता.

"बाई, एक विचारू? त्या दिवशी सुशीलाबाईंकडे मासळी कुठून येत होती? तुम्ही काहीतरी ओरडलात, पण मी कान झाकले होते. पस्तीस वर्षं मला ते कळलेलं नाही."

पस्तीस वर्षं मी याचीच वाट बघत होते. मी गॅस बारीक केला. "सांगते. पण फुकट नाही. आधी म्हणा, माझं चुकलं."

"तत्त्व बरोबर होतं."

"तत्त्व नाही मागितलं."

"वेळ कदाचित—"

"वकीलसाहेब, आयुष्यात पहिल्यांदा भाव करताय, आणि तोही इथे?" माझा आवाज चढला. "आठ जणांचं चुकलं असं नऊ जण म्हणाले ना?"

"म्हणाले."

"लाज वाटली त्यांना?"

"नाही. तशी पद्धतच आहे."

"मग तुम्ही एकटेच. तुम्हाला अडचण काय? तुम्ही हक्क हक्क करत मधे पडलात, पण तो हक्क होता कुणाचा? माझा. सुशीलेचा. आम्हाला विचारलंत? मला बोलायचं होतं. आणि ती मला म्हणाली, 'माका कोणी इचारल्यानच नाय.'"

 कागद त्याच्या मांडीवरून खाली घसरले, ते त्यानं उचलले नाहीत. मी सुरमई उलटली. वास दारातून बाहेर, कॉरिडॉरभर गेला असणार.

इंटरकॉम वाजला.

वकिलानं रिसीव्हर उचलला. पलीकडचा माणूस इतका मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू आलं. "सर, सोसायटी ऑफिस से. बारावे पे फिश का बहुत स्मेल आ रहा है, दो फ्लॅट से कंप्लेंट आया. गेट की एंट्री में एक लेडी है, तुम्हारे नाम पे. वो फिशवाली है क्या? कौन लाया, बताना पडेगा."

वकील ताठ झाला. तो चेहरा मी ओळखते. जिन्यावर काळ्या कोटात होता तोच. आता निघणार, आठ, सहा, तीन आणि नऊ. त्यानं तोंड उघडलं.

मग मिटलं. रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "सांगू?"

 तवा उतरवायचं निमित्त करून मी पाठ फिरवली.

"सांगा," मी म्हटलं. "माझं नाव घेऊन सांगा. सुरमई आहे म्हणावं, आणि ताजी आहे."

त्यानं तसंच सांगितलं, शब्द न शब्द, आणि फोन ठेवला. मग उठून, सवयीनं, दार लावायला निघाला. साक्ष ऐकायची होती ना आता.

"दार राहू दे उघडं," मी म्हटलं. "बसा. सांगते."